गळ्याचे माथाडी



व्याख्यानमालेच्या चालकांनी आमच्याकडे विषय मागितला तेव्हा त्यांना किमान वेतन, बोनस, फार तर बिडी कामगारांची मजुरी असे काहीतरी अपेक्षित असावे. आम्ही ‘कॉम्प्युटरच्या खेळातील फिरस्ता गवई’ असा विषय लिहून पाठवला. चिटणीसांनी दोनदा निरोप धाडून खात्री करून घेतली. त्यांची शंका रास्त होती. आमचे आयुष्य हमालांच्या आणि बिडी वळणाऱ्या बायांच्या सभांत गेले. शाळेशी आमचा संबंध लवकर सुटला आणि पुढचे जे काही वाचन झाले ते युनियनच्या कचेरीतल्या कंदिलाखाली झाले. अशा माणसाने पोरांच्या खेळावर बोलावे हे चमत्कारिक वाटेल. पण विषय शेवटी मजुरीवरच येणार आहे, एवढे आश्वासन आरंभीच देऊन ठेवतो.

आमचा भाचा हैदराबादेस नोकरीला आहे. दिवाळीत तो घरी आला की रात्री जेवणे झाल्यावर मांडीवर यंत्र घेऊन बसतो. या खेपेस आम्ही त्याच्या शेजारी तीन रात्री बसलो. खेळाचे नाव बाल्डर्स गेट. त्याचा हा तिसरा भाग 2023 साली बेल्जियम देशातल्या मंडळींनी काढला. यात खेळणाऱ्याने प्रथम एक सोंग घ्यायचे असते. कोणी योद्धा होतो, कोणी चोर, कोणी मांत्रिक, कोणी पुजारी. भाच्याने घेतले होते ते बार्डाचे सोंग. बार्ड म्हणजे गावोगाव हिंडून गाणारा माणूस. “मामा, हा तुमच्या शाहिरासारखाच,” असे तो म्हणाला, आणि आमची झोप गेली.

या सोंगाचे मूळ जुने आहे. अमेरिकेत 1974 साली ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ नावाचा एक खेळ निघाला. तो कॉम्प्युटरवरचा नव्हता; कागद, पेन्सिल आणि फासे घेऊन चारपाच जणांनी एका टेबलाभोवती बसून खेळायचा. त्यात 1976 साली बार्ड आला. आयर्लंड आणि वेल्स या मुलुखांत पूर्वी राजांच्या पदरी कवी असत, त्यांच्यावरून तो घेतला. 1978 च्या नियमपुस्तकात तर बार्ड होण्याची वाट मोठी मजेची होती: आधी योद्धा व्हायचे, मग चोर व्हायचे, आणि त्यानंतरच गाणे शिकायला बसायचे. आमच्या ओळखीचे पुष्कळ पुढारी या अभ्यासक्रमाच्या दुसऱ्या इयत्तेतच स्थिरावले आहेत. असो.

खेळ करणाऱ्यांना एक गोष्ट मात्र पक्की ठाऊक आहे, आणि ती पाहून आम्ही चकित झालो. या बार्डाची मुख्य विद्या अशी की तो गातो आणि बळ दुसऱ्याच्या अंगात येते. 2014 साली त्या मूळ खेळाचे जे नवे नियम निघाले, त्यांत बार्ड आपल्या सोबत्याला एक जास्तीचा फासा देतो. सोबत्याने घाव घालताना किंवा संकटातून निसटताना तो टाकायचा. हा फासा बार्डाला स्वतःसाठी वापरता येत नाही. सोबती साठ फुटांच्या आत हवा आणि त्याला गाणे ऐकू आले पाहिजे, अशीही अट आहे. ज्याने कर्ण्यावाचून गेटसभा घेतली आहे त्याला हे साठ फूट समजावून सांगावे लागत नाहीत. संप सातव्या दिवशी मोडू लागतो, तेव्हा भाषणाने माणूस उभा राहत नाही. हलगी वाजली आणि एखाद्याने पोवाड्याची चाल धरली की उभा राहतो. आणि गाणारा? त्याच्या घरची चूल त्या दिवशीही इतरांइतकीच थंड असते.

दुसरी गोष्ट घशाची. 1985 साली ‘द बार्ड्स टेल’ नावाचा एक कॉम्प्युटरवरचा खेळ निघाला होता. त्यातल्या बार्डाने ठराविक गाणी म्हटली की त्याचा घसा बसे, आणि खानावळीत जाऊन काही पेय घेतल्याशिवाय पुढचे गाणे फुटत नसे. तिसरी गोष्ट टोमण्याची. भाच्याच्या खेळात बार्ड शत्रूला असा काही बोचरा शब्द मारतो की शत्रू खरोखर जखमी होतो. यात नवल वाटायला नको. आपल्याकडे कलगीवाले आणि तुरेवाले रात्ररात्र हेच करीत आले. कलगीने शक्ती थोर म्हणायची, तुऱ्याने शिव थोर म्हणायचा, आणि सवालाला जवाब सुचला नाही की डफ खाली ठेवायचा.

येथपर्यंत ठीक. पण बार्ड चौकात उभा राहून वाद्य वाजवू लागला, रस्त्यावरची माणसे भोवती जमली आणि त्यांनी सोन्याची नाणी टाकली, तेव्हा आम्ही भाच्याला विचारले, “ही माणसे कोण? यांना नाणी कुठून मिळाली? उद्या हा आजारी पडला तर?” भाचा म्हणाला, “मामा, हा आजारी पडत नाही.” खेळाचा दोष काढावा असे आमच्या मनात नाही. खेळात पोट नसतेच. आमचा धंदा मात्र पोट मोजण्याचा आहे, म्हणून तेव्हापासून आम्ही एकच प्रश्न घेऊन बसलो: आपल्या मुलुखातल्या फिरत्या गाणाऱ्याचे पोट कोणी भरले?

पहिले उत्तर गाव हे होय. बारा बलुतेदार सर्वांना माहीत असतात. त्यांच्याखाली अलुतेदार असत. त्यांच्या याद्या गावागणिक बदलतात, तथापि गोंधळी पुष्कळ याद्यांत सापडतो. म्हणजे खळ्यावर रास पडली की सुतार-लोहारांसारखाच संबळ वाजवणाऱ्यालाही धान्याचा वाटा होता. आपल्या जिल्ह्यात माहूरची रेणुका आहे. तिचे गोंधळी ते रेणुराई आणि तुळजापूरच्या भवानीचे ते कदमराई. माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेत वाघ्या-मुरळी येतात. या सर्वांची भाकर परंपरेने बांधलेली होती. पण भाकरीबरोबर मानही जातीला बांधलेली होती. बापाने जो संबळ धरला तोच मुलाने धरायचा, त्याने शाळेत जायचे नाही, आणि वाटा हा हक्क असला तरी तो हात पसरूनच घ्यायचा. आंबेडकरी चळवळीने असली गावकीची कामे टाकून द्या असे सांगितले ते योग्यच सांगितले. त्या चळवळीने गाणे मात्र टाकले नाही. भीमराव कर्डकांचा जलसा उभा राहिला, पुढे सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीचे वामनदादा कर्डक गावोगाव गात हिंडले. काम सोडले आणि सूर ठेवला, ही साधी गोष्ट नव्हे.

दुसरे उत्तर दरबार. अफजलखानाच्या वधाचा पोवाडा रचणाऱ्या अगिनदासाला घोडा आणि सोन्याचा तोडा मिळाला, असे परंपरा सांगते. दरबाराची बिदागी भरघोस असते, पण दरबार बुडाला की शाहीरही बुडतो. पेशवाई गेल्यावर किती डफ खुंटीला लागले त्याची मोजदाद कोणी ठेवली नाही.

तिसरे उत्तर तिकीट आणि सुपारी. तमाशाचे फड नारायणगावला राहुट्या टाकून बसतात, गावोगावचे जत्रेचे पुढारी येऊन सुपारी ठरवतात. रात्री दौलतजादा होतो तो वेगळा. हे आमच्या भाच्याच्या खेळातल्या नाण्यांच्या सर्वांत जवळचे. त्यामागे सावकाराची उचल असते, आणि पाऊस पडला की रात्र फुकट जाते.

चौथे उत्तर आमच्या घरातले आहे, म्हणून त्यावर थोडे थांबतो. 1944 साली मुंबईत लाल बावटा कलापथक निघाले. त्यात तिघे प्रमुख: अण्णाभाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गवाणकर. अण्णाभाऊ वाटेगावचे. दीड दिवसाची शाळा, मग आईबापांबरोबर पायी मुंबई, मग गिरणी. अमर शेख म्हणजे बार्शीचे मेहबूब हुसेन पटेल. त्यांनीही गिरणीत घाम गाळला. ही माणसे चाळींत, मैदानांत, कामगारवस्त्यांत गात. ‘माझी मैना गावावर राहिली’ ही अण्णाभाऊंची छक्कड मुंबईस गेलेल्या मजुराची आहे, आणि तीच पुढे संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात सीमेवर राहिलेल्या मुलुखाची झाली. आपण देगलूरकर सीमेवरचेच. पलीकडे मदनूर, बिचकुंदा. आमच्या बाजारात मराठीइतकीच तेलुगू, कानडी आणि उर्दू चालते. हैदराबादेस आणि पुण्यास जाणाऱ्या गाड्या आपल्या स्टँडवरून भरून जातात, आणि मैना येथे राहते. हे गाणे येथे कोणाला समजावून द्यावे लागत नाही.

तेलुगू बाजूलाही हेच चालले होते. तिकडे बुर्रकथा म्हणून प्रकार आहे. मधला गायक तंबुरा घेऊन कथा सांगतो, दोन बाजूंना दोघे डक्की वाजवतात. त्यांतला एक विनोद करतो आणि दुसरा राजकारण बोलतो. शेतकऱ्यांच्या लढ्यात प्रजा नाट्य मंडळीच्या कलावंतांनी ती गावोगाव नेली, आणि निजामाच्या राज्यात तिच्यावर बंदी आली. 17 सप्टेंबर 1948 पर्यंत आपणही त्याच राज्यात होतो. त्याच मुलुखातून पुढे गद्दर आले; 1997 साली त्यांच्या अंगावर गोळ्या झाडल्या गेल्या, तरी 2023 पर्यंत ते होते. खेळातल्या बार्डाला असला शत्रू भेटत नाही.

मग चळवळीने या गाणाऱ्यांना काय दिले? टाळ्या दिल्या, तुरुंगात सोबत दिली, आणि प्रेम दिले, ते खरे होते. मजुरी दिली नाही. वर्गणी गोळा होई ती हस्तपत्रके, कोर्ट आणि कचेरीचे भाडे यांतच संपे. अण्णाभाऊ घाटकोपरच्या चिरागनगरात झोपडीत राहिले. ‘फकिरा’ला 1961 साली राज्य सरकारचे पारितोषिक मिळाल्यानंतरही त्यांचे दारिद्र्य हटले नाही. 18 जुलै 1969 रोजी ते गेले. त्याच वर्षी 29 ऑगस्टला अमर शेख अपघातात गेले. सहा आठवड्यांत दोन आवाज बंद झाले.

आता योगायोग पहा. त्याच 1969 साली महाराष्ट्रात माथाडी कायदा झाला. हमालाचा पेच असा होता की त्याला मालक नाही. सकाळी एका अडत्याची पोती, दुपारी दुसऱ्याची, संध्याकाळी तिसऱ्याचा ट्रक. प्रत्येक व्यापारी म्हणे, “हा माझा नोकर नव्हे.” अण्णासाहेब पाटलांनी मुंबईस आणि बाबा आढावांनी पुण्यास हा पेच हाती घेतला, आणि कायद्याने तो सोडवला तो असा: हमाल आणि व्यापारी दोघांचीही नोंद एका मंडळात. व्यापाऱ्याने मजुरी आणि तिच्यावर लेव्ही मंडळाकडे भरायची. त्या लेव्हीतून प्रॉव्हिडंट फंड, ग्रॅच्युइटी, बोनस, रजेचा पगार. धनी अनेक असले तरी हक्क एकत्र जमतात. हमालाच्या पाठीला त्या वर्षी कायद्याचा आधार मिळाला. गाणाऱ्याची अवस्था तंतोतंत तीच असून त्याच्या गळ्याकडे कोणाचे लक्ष गेले नाही.

कोणी म्हणेल, सरकार वृद्ध कलावंतांना मानधन देते की! देते, आणि 2024 साली ते महिना 5000 रुपये झाले, ही चांगलीच गोष्ट आहे. पण आमच्या सभांत वीस वर्षे हलगी वाजवणाऱ्या एका म्हाताऱ्याला घेऊन आम्ही एका कचेरीत गेलो, तेव्हा त्याच्याकडे कलेचा पुरावा मागितला. वर्तमानपत्रातली कात्रणे आहेत काय? प्रमाणपत्र आहे काय? म्हाताऱ्याने हलगी पुढे केली. तिचे कातडे हाताच्या जागी पार काळे पडले होते. कारकून बिचारा भला होता, तो म्हणाला, “बाबा, ही अर्जाला जोडता येत नाही.” वासुदेवाचे कात्रण कोण छापतो? तो पहाटे येतो आणि वार्ताहर उठण्यापूर्वी पुढच्या गावी गेलेला असतो.

म्हणून आमचे म्हणणे असे की मानधन राहू द्या, पण गाणाऱ्यांसाठीही माथाडीसारखे मंडळ असावे. जत्रा कमिटी, उरूस कमिटी, गणेश मंडळे, लग्नघरे, आणि मुख्य म्हणजे राजकीय पक्ष. निवडणुकीत सर्वांत जास्त गाणी यांनाच लागतात, आणि निकालानंतर सर्वांत लवकर ओळख यांचीच बुजते. या सर्वांनी सुपारीवर लेव्ही भरावी. युनियननेही भरावी, आम्ही आमच्यापासून सुरुवात करण्यास तयार आहोत.

यावर एका शाहीर मित्राने मोठा गंभीर आक्षेप घेतला. तो म्हणाला, “मंडळ आले की साहेब आला, साहेब आला की काय गायचे ते तो सांगणार. उद्या तहसीलदाराच्या शिक्क्याचे पोवाडे गाऊ काय?” ही भीती खोटी नाही. तथापि माथाडी मंडळ पोत्यात ज्वारी आहे की तूर आहे यावरून हमालाची नोंद नाकारत नाही. गाण्याच्या मंडळानेही कार्यक्रम किती झाले एवढेच विचारावे, गाण्यात काय होते ते विचारू नये, आणि ही अट कायद्याच्या पहिल्या पानावर असावी. शाहिराचे समाधान झाले नाही. तो म्हणाला, “पहिले पान सगळ्यांत आधी फाटते.” वाद अजून चालू आहे, आपणही त्यात पडावे अशी इच्छा आहे.

तोवर एक लहान काम करता येईल. या सभागृहाच्या दाराशी टेबलावर एक वही ठेवली आहे. आपल्या गल्लीत, आपल्या गावी जो कोणी गोंधळी, वासुदेव, वाघ्या, हलगीवाला, भजनी, बुर्रकथावाला असेल, त्याचे नाव, गाव आणि तो किती वर्षांपासून गातो हे तिच्यात लिहावे. खाली ज्यांनी त्याला ऐकले आहे अशा दोघांच्या सह्या घ्याव्यात. कात्रण नसेल तेथे या सह्या पुरावा म्हणून चालतील काय, हे आम्ही वकिलांना विचारले आहे. त्यांचे उत्तर पुढच्या आठवड्यात यायचे आहे. वही रविवारपर्यंत येथेच राहील. पेन दोरीने बांधलेले आहे, ते कृपा करून तसेच राहू द्यावे.