धनुर्धराची झोळी

धनुष्यबाण घेऊन एका दिवसाच्या पारधीस निघणाऱ्याने आपले साहित्य कशात न्यावे, हा प्रश्न वरवर पाहता क्षुल्लक वाटतो. परंतु धनुर्धराला सावजाच्या अगदी जवळ जावे लागते. बाण सोडताना त्याचे दोन्ही हात गुंतलेले असतात. आणि झोळीचा पट्टा वा कोपरा प्रत्यंचेच्या वाटेत आला, तर नेम चुकलाच म्हणून समजावे. या प्रश्नाचे एक अतिप्राचीन उत्तर आज उपलब्ध आहे, आणि श्रोत्यांनी लक्ष द्यावे ते त्याकडे.

१९ सप्टेंबर १९९१ रोजी ऑस्ट्रिया व इटली यांच्या सीमेवरील ओट्झटाल आल्प्समध्ये, ३,२१० मीटर उंचीवर, दोघा जर्मन गिर्यारोहकांना वितळत्या बर्फात एक प्रेत दिसले. ते पाच हजार वर्षांहून अधिक जुने निघाले. ‘ओट्झी’ या नावाने हा पुरुष पुढे जगप्रसिद्ध झाला. त्याच्या देहाविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. त्याच्या सामानाकडे मात्र त्या मानाने कमी लोक वळतात.

ओट्झीने सारे सामान एकाच पिशवीत कोंबलेले नव्हते. त्याने ते तीन ठिकाणी वाटले होते. पाठीवर हेझलची लांब काठी वाकवून व तिला लार्चच्या फळ्या जोडून केलेला सांगाडा असावा, असे बहुतेक अभ्यासक मानतात. जड ओझे त्यावर. बाणांसाठी कातड्याचा लांबट भाता. तो शॅमॉय नावाच्या पहाडी प्राण्याच्या कातड्याचा समजला जाई. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या जनुकीय तपासणीत ते कातडे ‘रो’ जातीच्या हरणाचे ठरले. भात्याला आधार म्हणून हेझलची काठी लावलेली होती. नुसते मऊ कातडे चालताना दुमडते आणि आतील पिसे चुरगळतात. ही अडचण त्या माणसाला ठाऊक होती, एवढे यावरून दिसते.

तिसरी पिशवी सर्वांत लहान : कमरपट्ट्यालाच शिवलेला वासराच्या कातड्याचा बटवा. त्यात चकमकीच्या दगडाची तासणी, भोके पाडण्याचे टोकदार हत्यार, एक धारदार कपचा, हाडाची आरी आणि ठिणगी धरणारी वाळकी आळिंबी, एवढेच होते. आपल्याकडील चंचीची कोणाला आठवण झाली तर नवल नाही. अंधारात, पाऊस पडत असता किंवा दरीच्या कडेवर बसून ओझे न सोडता जिथे हात जातो, तिथेच हा बटवा आहे. विस्तव नेण्यासाठी भूर्जाच्या सालीचे भांडे वेगळे होते; त्यात मेपलच्या पानांत गुंडाळलेले निखारे ठेवीत असावेत.

या लहानग्या बटव्याचे महत्त्व भाता उघडल्यावरच कळते. त्यात चौदा बाण होते, परंतु पिसे व टोके बसवलेले केवळ दोन, आणि तेही मोडलेले. उरलेल्या बारा नुसत्या काड्या. १.८२ मीटर लांबीचे यू वृक्षाचे धनुष्य (हिमालयातील थुनेर हा त्याचाच भाऊबंद) तासून पुरे व्हावयाचे होते. भात्यातील दोरीचे वेटोळे मात्र तयार होते. ती झाडाच्या सालीची नसून प्राण्याच्या स्नायुरज्जूंची आहे, असे पुढील तपासणीत आढळले, व ती प्रत्यंचाच असावी. कोरड्या जागी तिला सांभाळणे शहाणपणाचेच होते.

म्हणजे हा शिकारी निःशस्त्र नव्हता, पण शस्त्रसज्जही नव्हता. शस्त्रे नव्याने घडविण्याची साधने तेवढी कमरेला होती, आणि तीही झिजलेली. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार ही दगडी हत्यारे पुनःपुन्हा धार काढून अगदी लहान झाली होती. नवा दगड त्याला बरेच दिवस मिळाला नसावा. मृत्यूच्या काही दिवस आधी त्याचा उजवा हात खोल कापला गेला होता, आणि तो उजव्या हाताने काम करणारा होता. अशा हाताने धनुष्य तासणे किती कष्टाचे, हे सुतारकाम करणाऱ्याला सांगावयास नको.

अखेरच्या जेवणात त्याने रानबोकडाचे व सांबरासारख्या तांबड्या हरणाचे मांस खाल्ले होते. २००१ साली क्ष-किरण तपासणीत त्याच्या डाव्या खांद्यात चकमकीचे बाणाग्र रुतलेले दिसले. बाण पाठीमागून आला होता. तांब्याच्या पात्याची मौल्यवान कुऱ्हाड मारणाऱ्याने नेली नाही. ती, तो भाता आणि तो बटवा १९९८ पासून इटलीतील बोल्झानो येथील संग्रहालयात पाहावयास मिळतात.