मनातला कुंदा

(जिल्हा बैठकीतील भाषण)



भावावर बोलायला आज पुष्कळ वक्ते आहेत. मी मनावर बोलणार आहे. हा विषय काढला की आपल्याच कार्यकर्त्यांच्या कपाळाला आठ्या पडतात. ते म्हणतात, कापसाला भाव नाही म्हणून माणूस खचतो. भाव द्या, समुपदेशन कशाला? म्हणणे खरे आहे. पण ज्याच्या घरी आज बँकेची नोटीस आली, त्याला आजची रात्र काढायची आहे. भावाचा निकाल काही एका रात्रीत लागत नाही.

अमेरिकेत नेवाडा विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ स्टीव्हन हेज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक उपचारपद्धती तयार केली. तिच्यावरचे त्यांचे पुस्तक १९९९ साली निघाले. मराठीत तिला 'स्वीकार आणि बांधिलकी' म्हणता येईल. इंग्रजी नावाची आद्याक्षरे जोडली की 'ॲक्ट' होते, म्हणजे कृती.

'स्वीकार' म्हटले की आपण बिथरतो, आणि बिथरायलाच पाहिजे. नशिबात होते, सोसा, हे आपल्याला पिढ्यान् पिढ्या ऐकवले गेले. इथे सांगणे वेगळे आहे. स्वीकार करायचा तो मनात उठणाऱ्या भीतीचा, लाजेचा, दुःखाचा. व्यापाऱ्याने पुकारलेल्या भावाचा नव्हे आणि सावकाराच्या व्याजाचा तर नव्हेच.

काळ्या रानातला कुंदा तुम्हाला माहीत आहे. वरवर कुळव घातला की त्याचे तुकडे होतात आणि तुकड्या-तुकड्याला कोंब फुटतो. नकोशा विचारांचे असेच आहे. 'हा विचार येऊच नये' म्हणून झटापट केली की तो दुप्पट येतो. मग माणूस काय करतो? कृषी केंद्राची उधारी आहे म्हणून बाजाराला जात नाही. फोन बंद ठेवतो. सोयऱ्याच्या लग्नाला बायकोला एकटी पाठवतो. संध्याकाळी दारू. घटकाभर बरे वाटते, पण जगणे मात्र आक्रसत जाते.

ही पद्धत सांगते, विचाराशी भांडू नका, त्याला नाव द्या. २०१७ साली गुलाबी बोंडअळीने चांगल्या-चांगल्यांची बोंडे पोखरली. तरी घरी बसलेला माणूस म्हणत होता, "मी निकामी आहे." त्याऐवजी म्हणायचे, "मी निकामी आहे असा विचार माझ्या मनात आलाय." विचार खरा की खोटा, हा वाद घालायचा नाही. तो विचार आहे, हुकूम नव्हे, एवढे दिसले की पुरे. छातीत धडधडते तर धडधडू द्या. पाय जमिनीवर टेकवा, सावकाश श्वास सोडा, समोरचा बैल, झाड, लेकरू नीट बघा. भीती जाईलच असे नाही. तिला बसायला जागा द्या आणि कामाला लागा.

काम कोणते, हा प्रश्न बांधिलकीचा. मला कसा बाप, कशी आई, कसा शेजारी व्हायचे आहे? त्या दिशेने आज एक पाऊल टाकायचे, ते लहान असले तरी चालेल. नोटीस उघडून बायकोसोबत वाचणे हेही पाऊलच. मोर्चाला येणेसुद्धा.

जागतिक आरोग्य संघटनेने याच पद्धतीवर पाच बैठकांचा कार्यक्रम बेतला. ध्वनिमुद्रित सूचना, चित्रांचे पुस्तक, आणि बैठक चालवायला डॉक्टर नव्हे तर थोडे प्रशिक्षण घेतलेली साधी माणसे. युगांडात दक्षिण सुदानमधून आलेल्या सुमारे ७०० निर्वासित बायकांमध्ये तो तपासला. निष्कर्ष २०२० साली छापून आले. तीन महिन्यांनंतरही कार्यक्रम केलेल्या बायकांचा ताण न केलेल्यांपेक्षा कमी होता. घरदार काही परत मिळाले नव्हते.

आपल्याकडे अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांत 'विश्राम' प्रकल्प झाला. त्याची पद्धत वेगळी, पण काम गावातल्याच माणसांच्या हातून. नैराश्य असलेल्या १०० जणांमागे आधी जेमतेम ४ जण मदतीपर्यंत पोचत होते. दीड वर्षात २७ पोचू लागले. मला हा आकडा फार मोलाचा वाटतो. डॉक्टर नसतात हे खरेच, पण त्याआधी बोलणारा माणूसच नसतो.

एक गोष्ट मात्र ठासून सांगतो. जीव नकोसा झाला असे कुणी म्हणाले, तर तिथे ही श्वासाची युक्ती पुरायची नाही. त्याला एकटे सोडू नका. फवारणीची औषधे घरातून हलवून दुसऱ्याच्या ताब्यात द्या. १४४१६ हा सरकारचा टेलिमानस क्रमांक लावा, दिवसरात्र, फुकट. जिल्हा रुग्णालयात न्या. पोलिसांची भीती धरू नका. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने अशा माणसाला गुन्हेगार नव्हे, तीव्र ताणाखालचा माणूस मानले आहे.

राज्य सरकारने २०१५ साली विदर्भ-मराठवाड्याच्या १४ जिल्ह्यांसाठी प्रेरणा प्रकल्प काढला, त्यात परभणी आहे. आशाताई दारात येऊन विचारते, झोप लागते का, कामात जीव रमतो का? घरधनी ओसरीवरूनच सांगतो, "आमचं समदं बरं हाय." माझी घरधन्यांना विनंती आहे, पुढच्या वेळी तिला बसायला सांगा, पाणी द्या, आणि खरे उत्तर द्या. आणि मायबहिणींनो, तो शेतात गेला असेल तर तुमचेही सांगा. झोप तुमचीही उडालेली असते.