छोट्या कॅमेऱ्याची मोठी जबाबदारी

जानेवारी २०१६मध्ये स्मार्ट सिटी योजनेच्या पहिल्या वीस शहरांत सोलापूरची निवड झाली. आज चौकातच नव्हे, तर दुकानांत आणि चादरी-टॉवेलच्या कारखान्यांतही इंटरनेटला जोडलेले कॅमेरे दिसतात. त्यांचं चित्रण दूरच्या सर्व्हरवर न पाठवता जागेवरच तपासायचं, या पद्धतीला एज कॉम्प्युटिंग म्हणतात. माहिती आपल्याच आवारात राहते, मग धोका कसला, असं काहींचं म्हणणं. ते अर्धंच खरं आहे. डेटा सेंटरवर रात्रंदिवस पहारा असतो. भिंतीवरच्या डब्याकडे मात्र तो एकदा बसवला की कोणी फिरकत नाही. माहिती जवळ आली, तशी राखणीची जबाबदारीही आपल्याकडे आली.

‘आमच्या कारखान्यात हॅकरला काय मिळणार?’ हा दुसरा आक्षेप. त्याचं उत्तर २०१६च्या ‘मिराई’ने दिलं. हा घातक प्रोग्रॅम कोणाचंही नाव-गाव न पाहता इंटरनेटवरची उपकरणं धुंडाळायचा आणि कंपनीने घालून दिलेले ‘अ‍ॅडमिन’, ‘१२३४५’ असे साठेक ठरावीक पासवर्ड लावून पाहायचा. लागला की कॅमेरा त्याच्या ताब्यात. मालकाला पत्ताही लागत नसे, कारण चित्र नेहमीसारखंच दिसायचं. अशाच उपकरणांच्या फौजेने २१ ऑक्टोबर २०१६ रोजी वेबसाइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधून देणाऱ्या डाइन या अमेरिकन कंपनीवर हल्ला चढवला आणि ट्विटर, नेटफ्लिक्ससारख्या सेवा कित्येक तास विस्कळीत झाल्या. म्हणजे चोराला आपल्या घरातलं काही नको असतं. आपलं उपकरण हेच त्याचं हत्यार असतं. कॅमेरा बंद करून चालू केला की मिराई पुसला जाई. पण पासवर्ड तोच राहिला, तर काही मिनिटांत परत शिरे.

मग हे काम उत्पादकाचं नाही का? आहेच. ब्रिटनने एप्रिल २०२४पासून असे सरसकट पासवर्ड कायद्याने बंद केले; भारतातही सीसीटीव्ही कॅमेऱ्यांना सुरक्षा चाचणी सक्तीची झाली आहे. पण नियम नव्या मालाला लागतो, भिंतीवर आधीच लटकलेल्याला नाही. तिथे पासवर्ड आपणच बदलायचा, अपडेट घ्यायचे, कॅमेऱ्याचं नेटवर्क हिशेबाच्या संगणकापासून वेगळं ठेवायचं. आणि नवा कॅमेरा घेताना किमतीसोबत एवढंही विचारायचं: अपडेट किती वर्षं मिळणार? ज्या विक्रेत्याकडे याचं उत्तर नाही, त्याचा स्वस्त माल शेवटी महागच पडतो.