चिठोऱ्यांचे शास्त्रभांडार : ग्रंथपाल-कवयित्री ॲन स्पेन्सर
(ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेतील भाषणाचा संपादित मजकूर)



आपल्या ग्रंथालयाविषयी बोलावे, अशी विश्वस्तांची आज्ञा झाली. त्या निमित्ताने मी आपणांस दूरदेशीच्या एका शाळेत नेणार आहे.

अमेरिकेच्या व्हर्जिनिया राज्यात लिंचबर्ग नावाचे गाव आहे. तेथील जोन्स स्मारक ग्रंथालयाची दारे कृष्णवर्णीयांना बंद होती. कृष्णवर्णीय मुलांसाठी डनबार हायस्कूल निघाले, आणि तेथे या ग्रंथालयाची शाखा चालविण्याचे काम ॲन स्पेन्सर या गृहिणीने पत्करले. 1882 मध्ये जन्मलेल्या ॲन यांना शाळेचे तोंड अकराव्या वर्षी दिसले. परंतु 1899 मध्ये शिक्षण पूर्ण करताना त्या वर्गात अग्रस्थानी होत्या. विवाहानंतर त्या पती एडवर्ड यांच्यासह पिअर्स स्ट्रीटवरील घरात राहिल्या. 1945 पर्यंत सुमारे वीस वर्षे त्यांनी शाळेतील हे ग्रंथालय सांभाळले. तेथील पुस्तके अपुरी पडत, म्हणून त्या घरची पुस्तके मुलांसाठी नेत. काळ्या-गोऱ्यांना वेगळे बसविणाऱ्या ट्राममधून जाण्यापेक्षा पायी चालणे त्यांना अधिक मानाचे वाटे. ज्ञानदान हा शब्द आपण सहज उच्चारतो. येथे त्याला पायपिटीचे मोल होते.

ही ग्रंथपाल कवयित्रीही होती. गावात कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या संस्थेची शाखा काढण्याच्या खटपटीत जेम्स वेल्डन जॉन्सन त्यांच्या घरी उतरले. त्यांच्या हाती ॲन यांच्या कविता पडल्या आणि 1920 मध्ये, वयाच्या अडतिसाव्या वर्षी, त्यांची पहिली कविता ‘क्रायसिस’ मासिकात छापून आली. तरीही हयातीत प्रसिद्ध झालेल्या कविता जेमतेम तीस. स्वतःचा संग्रह एकही नाही.

मग बाकीचे लेखन कोठे होते? बागेत पतीने बांधून दिलेल्या छोट्याशा खोलीत बसून त्या लिहीत. हाती येईल तो कागद त्यांना चाले. पाकिटाची मागची बाजू, पिशवीचा तुकडा, पुस्तकाचा समास. घराच्या भिंतीवरही त्या टिपणे करीत. उतारवयात जॉन ब्राऊन या गुलामगिरीविरोधी लढवय्यावर दीर्घकाव्य रचण्याचा त्यांचा ध्यास होता. ते पूर्ण झाले नाही. 1975 मध्ये त्या निवर्तल्या. पुष्कळसे लेखन काळाच्या ओघात नष्ट झाले. जे उरले, ते आज व्हर्जिनिया विद्यापीठाच्या दुर्मिळ ग्रंथसंग्रहात जतन केलेले आहे. ॲन ग्रंथपाल असताना या विद्यापीठात कृष्णवर्णीय विद्यार्थ्याला प्रवेश नव्हता. पहिला प्रवेश मिळाला तो 1950 मध्ये, तोही न्यायालयात दाद मागितल्यावर! घराचे स्मारक झाले आहे, आणि 2020 मध्ये अमेरिकेच्या टपालखात्याने त्यांच्या चित्राचे तिकीट काढले.

बंधू-भगिनींनो, कागद जपणे आपल्या समाजाला कोणी शिकवावे लागत नाही. मूडबिद्रीच्या भांडारात धवलेची ताडपत्रे शतकानुशतके राहिली. दीर्घकाळ ती दर्शनापुरतीच बाहेर येत, हेही खरे, डॉ. हिरालाल जैन यांनी संपादिलेला पहिला छापील खंड अमरावतीहून निघाला तो 1939 मध्ये. परंतु आपण आचार्यांचे शब्द वेष्टनात बांधले आणि घरातल्या माणसांचे, विशेषतः स्त्रियांचे, शब्द रद्दीत घातले. दुसऱ्याकडे कशाला बोट दाखवू? माझ्या आजीने स्वतः रचलेली स्तवने एका हिशेबाच्या वहीत मागील पानांपासून लिहिली होती. पुढल्या पानांवर दूध-किराण्याचा हिशेब होता, म्हणून दिवाळीच्या आवराआवरीत मीच ती वही रद्दीवाल्याला दिली. त्यातील एका स्तवनाचे केवळ ध्रुपद आता माझ्या आत्याबाईंना आठवते.

विश्वस्तांनी ग्रंथालयातील एक कपाट रिकामे करून दिले आहे. येत्या श्रुतपंचमीला शास्त्रांची वेष्टने बदलावयाची आहेत. त्या दिवशी माळ्यावरची वही, पत्रांची चळत, पाठशाळेच्या बाईंची टिपणे, जे सापडेल ते घेऊन यावे. अक्षर वाईट आहे, शुद्धलेखन चुकले आहे, म्हणून घरीच निवड करू नये. आणि वही हिशेबाची दिसली, तर ती कृपया मागील बाजूनेही उघडून पाहावी.

जय जिनेन्द्र!