बालकाची इंद्रिये व आपले देवालय
(महोत्सवप्रसंगी धर्मग्रामस्थांसमोर केलेले भाषण)



आजच्या मंगल दिवशी पूर्वजांच्या श्रद्धेचे स्मरण करावे हे उचितच; परंतु आम्ही एका अशा बालकाविषयी बोलू इच्छितो, की जे आज या मंडपात नाही. मिस्साच्या समयी घंटा वाजताच ते किंचाळून कान झाकीत असे. धुपाच्या वासाने त्यास ओकारी येई. आम्ही सर्वांनी माना वळवून त्याच्या मातेकडे पाहिले. तिसऱ्या रविवारी ती माउली आली नाही; त्यापुढेही नाही. हा दोष आमचा आहे.

ज्यास आपण हट्ट म्हणतो, तो पुष्कळदा हट्ट नसतोच. अमेरिकेतील जीन एअर्स या विदुषीने १९७२ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात याचा ऊहापोह केला. पंचेंद्रियांखेरीज शरीराचा तोल व सांध्यास्नायूंवरील ताण जाणण्याची शक्तीही मनुष्यास असते. या सर्वांकडून येणारी वर्दी मेंदूत नीट जुळली नाही, तर आपणांस साधा वाटणारा नाद बालकास असह्य होतो. स्वमग्न मुलांत हे विशेष आढळते, तथापि केवळ त्यांच्यातच नव्हे. एक मूल झोक्यास भिते, दुसरे झोक्यावरून उतरत नाही. म्हणून शेजारणीचा उपाय आपल्या घरी चालेलच असे नाही.

मारल्याने काही साधत नाही. आपल्या वऱ्हाडी घरांत साधने पुष्कळ आहेत. अर्धी बादली पाणी आणविणे, ज्वारीचे पीठ मळावयास देणे, धान्याचे लहान पोते ढकलविणे, अशा जोराच्या कामांनी कित्येक मुले शांत होतात. सदऱ्याची शिवण टोचत असेल तर तो उलटा घालावा. लोक हसतील, हसोत! जाड गोधडी आवडल्यास द्यावी, मात्र तोंड झाकू नये, व ती मुलास स्वतः दूर करता आली पाहिजे.

आठवडी बाजार, लग्नाचा बँड, रामनवमीस पोहरादेवीस लोटणारी गर्दी, येथे खरी कसोटी. काय दिसेल, काय ऐकू येईल, हे आधी सांगावे, गर्दीपूर्वी जावे, थोडा वेळच थांबावे. बोटे चाळविणे, येरझारा घालणे, अशी आपल्या मुलाची पूर्वचिन्हे ओळखावीत. भडका उडालाच, तर उपदेश न करिता, मोजक्या शब्दांत, त्यास निवांत जागी न्यावे.

देवळासाठीही हाच मार्ग. आडवारी रिकाम्या देवळात मुलास आणावे, घंटा त्याच्याच हाती द्यावी. ख्रिस्तप्रसादाचा स्पर्श जिभेस सोसत नसेल, तर फादरांच्या अनुमतीने, पवित्रीकरण न झालेल्या भाकरीचा सराव करावा. तेही न साधल्यास धर्मसभेच्या १९८३ च्या कायद्यातील ९२५ वा नियम पाहावा: गरज असता केवळ द्राक्षारसाच्या रूपानेही ख्रिस्तप्रसाद देता येतो. पुष्कळ मातापित्यांस हे ठाऊकच नसते.

शंका असल्यास अंगणवाडीतील तपासणीच्या वेळी डॉक्टरांस सांगावे. ही तपासणी २०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमातील आहे. स्वमग्नतेस २०१६ च्या दिव्यांग कायद्याने मान्यता दिली आहे, तेव्हा लपविण्याचे कारण नाही.

त्या मातेच्या घरी आम्ही गेल्या आठवड्यात जाऊन आलो. ती सायंकाळी येते म्हणाली. म्हणून मिरवणुकीचे ढोलताशे फाटकाबाहेरच थांबतील, धूप आज जाळला जाणार नाही, व डाव्या दारालगतचे दोन बाक मोकळे ठेविले आहेत. तेथे कृपा करून कोणी बसू नये, व मागे वळून पाहू नये.