ओकाचे रोप आणि माझी झारी
(रौप्यमहोत्सवी स्नेहसंमेलनात केलेले भाषण)



आपल्याकडे ओक म्हटलं की आडनाव आठवतं. कॅलिफोर्नियात मुलाकडे गेलो तेव्हा ओकाचं झाड पाहिलं. तिथल्या किनारपट्टीचा हा ओक बारमाही हिरवा. ओकलंड शहराचं नावही ओकांवरूनच पडलं. तिथे पाऊस हिवाळ्यात पडतो, उन्हाळा कोरडा जातो, आणि झाड त्याला सरावलेलं असतं.

मुलाने परसात तीन वर्षं जपलेलं कमरेएवढं रोप होतं. मी १९७२ चा दुष्काळ पाहिलेला माणूस. कोरडी माती मला बघवेना. रोज संध्याकाळी बुंध्याशी झारीभर पाणी घालू लागलो. पानं पिवळी पडली, तसं पाणी वाढवलं. सप्टेंबरात रोप गेलं. उपटून पाहिलं तर मुळं काळी, कुजलेली. उन्हाळ्यातली गरम, ओली माती मुळं कुजवणाऱ्या बुरशीला फार मानवते. मुलगा काही बोलला नाही, तेच जास्त लागलं.

परत येण्याआधी नातीबरोबर मोठ्या ओकाखालच्या बिया वेचल्या. बादलीत टाकल्या, तरंगल्या त्या फेकल्या, बुडाल्या त्या घेतल्या. कायमच्या जागीच इंचभर खोल आडव्या पेरल्या, कारण आधी सोटमूळ खाली जातं आणि कुंडीत ते वेटोळं होतं. वरून खारींसाठी जाळी. पहिले दोन उन्हाळे दोन-तीन आठवड्यांतून एकदा, खोडापासून दूर, मुरेल असं पाणी द्यायचं. पुढे पावसावर सोडायचं. भोवती हिरवळ लावायची नाही आणि गळलेली पानं झाडायची नाहीत. आज ते रोप नातीच्या खांद्याला लागतंय.

इथे ओक लावा असं मी म्हणत नाही. आपला पाऊस वेगळा. पण फाटकाजवळचा कडुनिंब आपण सोसायटीच्या पहिल्या वर्षी लावला. मी खजिनदार असताना त्याच्या बुंध्यापर्यंत पेव्हर ब्लॉक बसवले. आवार स्वच्छ दिसावं एवढाच हेतू होता. त्या बिलावर सही माझी आहे. आता त्याचे शेंडे वाळू लागलेत. मुळांना हवा नाही, पावसाचं पाणी सरळ गटारात.

येत्या सर्वसाधारण सभेत बुंध्याभोवतीचे मीटरभर ब्लॉक काढण्याचा ठराव मी मांडणार आहे. खर्च माझ्या खात्यावर टाका; ही जुनी थकबाकी आहे. अनुमोदन मात्र तुमचं हवं.