शववाहिनी ते रुग्णवाहिका

१९६० च्या दशकात अमेरिकेतल्या जवळपास निम्म्या रुग्णवाहिका अंत्यविधीचे व्यावसायिकच चालवत. माणसाला आडवं नेता येईल अशी गाडी त्यांच्याकडेच असे. वाटेत उपचार मात्र बहुधा नसतच. १९६६ मध्ये राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या अहवालाने या उणिवेवर बोट ठेवलं.

पुढच्याच वर्षी पिट्सबर्ग शहरात ‘फ्रीडम हाउस’ सेवा आकाराला आली. डॉ. पीटर सफार यांनी तिथल्या बेरोजगार कृष्णवर्णीय तरुणांना कसून प्रशिक्षण दिलं आणि धावत्या गाडीतच जीव वाचू लागले. १९७३ मध्ये देशव्यापी सेवेसाठी कायदा झाला.

आपल्याकडे महाराष्ट्रातही २०१४ पासून १०८ क्रमांकाच्या रुग्णवाहिकेतून डॉक्टरच जखमीपर्यंत येतात. अपघात दिसला, तर बघत थांबू नका, १०८ लावा. मदत करणाऱ्याला २०१९ च्या मोटार वाहन कायदादुरुस्तीचं संरक्षण आहे.